चाळीत जन्मलेली शाळा

शाळाप्रवेशाचा हंगाम जवळ आला, की शहरांतील भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि बंगल्यांच्या फाटकांवर ‘माँटेसरी’ हा शब्द झळकू लागतो. त्या शब्दाच्या आगेमागे वाहनाची सोय असते, इंग्रजी माध्यमाची ग्वाही असते आणि चौकशी केली असता फीचा आकडाही कळतो. तीन वर्षांच्या मुलाला चांगल्या ‘माँटेसरी’त घालावयाचे तर दरसाल किती रक्कम बाजूला काढावी लागेल, याची जुळवाजुळव मध्यमवर्गीय आईबाप मूल चालू लागण्याआधीच करू लागतात. हा शब्द म्हणजे एका स्त्रीचे आडनाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ज्या शाळेमुळे हे आडनाव जगभर गेले, ती एका दरिद्री वस्तीतील चाळीत भरत होती, तिथे फी घेतली जात नव्हती, आणि ती उघडण्यामागे शिक्षणप्रेमापेक्षा घरमालकाचा जमाखर्च अधिक होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मारिया माँटेसरी यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहणे आज अगत्याचे झाले आहे.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील आंकोना शहराजवळच्या क्यारावाल्ले या गावी झाला. इटलीचे एकीकरण पूर्ण होण्याचे हेच वर्ष. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत इटलीच्या सैन्याने रोम घेतले. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी अर्थखात्यात नोकरीस होते व जुन्या वळणाचे होते. आई रेनील्दे त्या काळाच्या मानाने चांगली शिकलेली आणि मुलीच्या पाठीशी ठामपणे उभी राहणारी होती. १८७५ मध्ये कुटुंब रोमला आले. त्या काळी शिकलेल्या मुलीपुढे शिक्षिका होणे हाच एक प्रतिष्ठित मार्ग असे. मारिया यांना नेमके तेच नको होते. तेराव्या वर्षी त्यांनी तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला, इंजिनिअर होण्याचे मनात धरले, पुढे निसर्गविज्ञानाकडे आणि तेथून वैद्यकाकडे त्या वळल्या. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका स्त्रीने विवस्त्र प्रेताचे विच्छेदन करणे त्या वेळी अशिष्ट मानले जाई. म्हणून सर्व मंडळी निघून गेल्यावर सायंकाळी एकटीने विच्छेदनगृहात बसून त्यांना तो अभ्यास करावा लागला. १८९६ मध्ये त्या रोम विद्यापीठाच्या वैद्यकीय पदवीधर झाल्या. इटलीतील पहिली स्त्री डॉक्टर असा त्यांचा उल्लेख वारंवार होतो, तो काटेकोरपणे खरा नाही, कारण त्यांच्यापूर्वी काही स्त्रियांनी तेथे ही पदवी मिळविली होती. परंतु अशा स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, एवढे निश्चित.

त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत इटलीच्या प्रतिनिधी म्हणून त्यांनी भाषण केले. त्यांचा विषय शिक्षण हा नव्हता. कारखान्यांतून आणि शेतांतून राबणाऱ्या स्त्रियांना पुरुषांइतक्याच कामाबद्दल पुरुषांइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, ही मागणी त्यांनी तेथे मांडली. बालशिक्षणाच्या क्षेत्रात येण्यापूर्वी माँटेसरी यांचे लक्ष श्रम आणि वेतन या प्रश्नाकडे गेलेले होते, ही बाब त्यांच्या पुढील कार्याचा अर्थ लावताना विसरून चालणार नाही.

वेड्यांच्या इस्पितळातील मुले

पदवीनंतर विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करीत असताना त्यांना रोममधील वेड्यांच्या इस्पितळांना भेटी द्याव्या लागत. तेथे मंदबुद्धी ठरविलेली लहान मुले वेड्यांबरोबरच कोंडून ठेवलेली असत. जेवण झाल्यावर ती मुले जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे चिवडीत बसतात, याची सांभाळणाऱ्या बाईला किळस वाटे. माँटेसरी यांना मात्र त्या दृश्यात निराळेच काही दिसले. त्या खोलीत हाताने धरण्याजोगी, चाचपून पाहण्याजोगी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांची भूक पोटाची नसून हातांची होती.

या जाणिवेने त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे विस्मृतीत गेलेले ग्रंथ शोधून काढले. इतार यांनी आव्हेरॉनच्या रानात सापडलेल्या मुलाला शिकविण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे शिष्य सेगँ यांनी मंदबुद्धी मुलांसाठी इंद्रियांना वळण लावणारी साधने तयार केली होती. हे ग्रंथ माँटेसरी यांनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था निघाली, तिच्या संचालनाची जबाबदारी डॉ. ज्युसेप्पे माँतेसानो यांच्याबरोबर त्यांच्याकडे आली. तेथे शिकलेली काही मुले सर्वसामान्य मुलांच्या सार्वजनिक परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा या यशाचा बराच बोलबाला झाला. माँटेसरी यांच्या मनात मात्र उलटाच प्रश्न उभा राहिला. ज्यांना समाजाने टाकून दिले ती मुले जर निरोगी मुलांची बरोबरी करू शकतात, तर निरोगी मुलांना शाळांनी असे काय केले आहे, की ती इतक्या खालच्या पायरीवर अडकून पडावीत?

याच काळात त्यांच्या खासगी जीवनात एक खोल जखम झाली. माँतेसानो यांच्यापासून त्यांना ३१ मार्च १८९८ रोजी मुलगा झाला. विवाह झालेला नव्हता. अविवाहित माता म्हणून उघडपणे राहणे म्हणजे व्यवसाय, अध्यापन आणि सार्वजनिक कार्य या सर्वांवर पाणी सोडणे होते. मूल खेड्यातील एका कुटुंबात वाढविण्यासाठी ठेवण्यात आले. त्याचे नाव मारिओ. पुढे माँतेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि १९०१ मध्ये माँटेसरी त्या संस्थेतून बाहेर पडल्या. जगातील मुलांसाठी घर उभारणाऱ्या या स्त्रीचे स्वतःचे मूल परक्या घरी वाढत होते. या गोष्टीचे भांडवल करून त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु तो दोष एका व्यक्तीच्या पदरात टाकण्याऐवजी ज्या समाजाने स्त्रीपुढे मूल किंवा काम असे दोनच पर्याय ठेवले त्याच्या पदरात टाकणे अधिक न्याय्य होईल.

घरमालकाचा हिशेब

सान लोरेन्झो ही रोममधील कामकऱ्यांची वस्ती. १८८४ ते १८८८ या वर्षांत रोममध्ये घरबांधणीची जी सट्टेबाजी उसळली, तीत येथे मोठमोठ्या इमारती घाईघाईने उभ्या राहिल्या. मग तेजी कोसळली, पैसा आटला आणि अर्धवट राहिलेल्या, पाण्याची व सांडपाण्याची धड सोय नसलेल्या इमारतींत बेकारी, पोटभाडेकरू आणि गुन्हेगारी यांनी ठाण मांडले. एका खोलीत अनेक कुटुंबे राहात. पुढे एका गृहनिर्माण कंपनीने या इमारती ताब्यात घेऊन दुरुस्त केल्या व कामकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात, मोठी भावंडे शाळेत जात. मागे राहिलेली तीन ते सहा वर्षांची पोरे जिन्यांतून धावत, नव्या रंगविलेल्या भिंतींवर रेघोट्या ओढीत, दिसेल त्याची मोडतोड करीत. या नासधुशीचा खर्च कंपनीच्या अंगावर पडे. तो टाळण्यासाठी एका खोलीत ही मुले गोळा करून त्यांच्यावर कोणी नजर ठेवावी, अशी कल्पना कंपनीचे संचालक एदुआर्दो तालामो यांना सुचली आणि त्यांनी डॉ. माँटेसरी यांना विचारले. ६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या इमारतीत पहिले ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे ‘मुलांचे घर’, उघडले गेले.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे. शिक्षणाचा लाभ एकट्या विद्यार्थ्याला होत नाही. तो शेजाऱ्यांना, मालकाला, गावाला होतो, आणि लाभ असा सर्वत्र विखुरला गेला की त्याचा खर्च उचलण्यास कोणीच एक जण पुढे येत नाही. सान लोरेन्झोमध्ये मात्र सगळी इमारत एकाच मालकाची असल्यामुळे मुलांच्या सुधारणेचा लाभ थेट त्याच्याच खतावणीत जमा होत होता. रंगरंगोटीवर आणि दुरुस्तीवर वाचलेल्या पैशात शाळा चालत होती. पालकांना काही द्यावे लागत नव्हते. मुलाला वेळेवर आणि स्वच्छ पाठवावे, शिक्षिकेशी आदराने वागावे आणि मुलाच्या प्रगतीविषयी तिच्याशी बोलण्यास यावे, एवढीच त्यांच्यावर बंधने होती. कामाला जाणाऱ्या आईने मूल निर्धास्तपणे मागे ठेवावे, अशी ही सोय होती. श्रीमंत स्त्री दाई ठेवते, तीच सवलत कामकरी स्त्रीला सर्वांनी मिळून उपलब्ध करून द्यावी, हा विचार माँटेसरी यांनी त्याच वर्षी दुसऱ्या बालगृहाच्या उद्घाटनप्रसंगी मांडला.

चाळीस वेळा तेच काम

पहिल्या बालगृहात पन्नासाहून अधिक मुले होती. बुजरी, रडकी आणि अर्धपोटी. त्यांना सांभाळण्यासाठी नेमलेल्या तरुणीला अध्यापनाचे शिक्षण मिळालेले नव्हते आणि माँटेसरी यांना ही उणीव न वाटता सोय वाटली, कारण जुन्या शाळांच्या सवयी तिला लागलेल्या नव्हत्या. मंदबुद्धी मुलांसाठी वापरलेली साधने सुधारून त्यांनी येथे आणली आणि मुले त्यांचे काय करतात हे एका डॉक्टरच्या चिकाटीने पाहात राहिल्या.

एक तीन वर्षांची मुलगी लाकडी ठोकळ्यातील भोकांत लहानमोठे दट्टे बसवीत होती. बसवून झाले की ती ते पुन्हा काढी आणि पुन्हा बसवी. माँटेसरी यांनी भोवतालच्या मुलांना गाणे म्हणावयास लावले, त्या मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे लक्ष विचलित झाले नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच काम केल्यावर ती आपण होऊन थांबली, आणि थकलेली नव्हे तर विश्रांती घेऊन उठल्यासारखी प्रसन्न दिसली. लहान मुलांचे चित्त एका ठिकाणी ठरत नाही, हा समज किती पोकळ आहे हे या एका प्रसंगाने दाखविले. चित्त ठरत नाही ते मोठ्यांनी लादलेल्या कामात. स्वतः निवडलेल्या व स्वतःच्या शक्तीला साजेशा कामात ते ठरते.

एके दिवशी साधनांचे कपाट उघडे राहिले आणि मुलांनी आपापल्या आवडीचे साधन स्वतःच काढून घेतले. दुसऱ्या शिक्षिकेने शिक्षा केली असती. माँटेसरी यांनी कुलूपबंद कपाटाऐवजी मुलांच्या उंचीची उघडी फडताळे करविली. जड बाके जाऊन मुलांना उचलता येतील अशी हलकी मेजे व खुर्च्या आल्या. खुर्ची पडली तर आवाज होतो, आणि आपली हालचाल चुकली हे मुलाला कोणी न रागावता कळते. हेच तत्त्व प्रत्येक साधनात आहे. दट्टा चुकीच्या भोकात गेला तर शेवटी एक दट्टा उरतोच. चूक साधन दाखविते, शिक्षिका नव्हे. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत्या आकाराचे असतात, ते रचता रचता दशमान पद्धती हाताच्या ओळखीची होते. सुटा मणी, दहा मण्यांची दांडी, शंभर मण्यांचा चौरस आणि हजार मण्यांचा घन हाती घेतल्यावर एकक आणि हजार यांतील अंतर मुलाला वजनाने जाणवते. गुंड्या घालण्याच्या आणि नाड्या बांधण्याच्या चौकटींवर सराव झालेले मूल अंगरखा स्वतः घालते व आईवर विसंबून राहात नाही. वर्गात प्रत्येक साधन एकच असल्यामुळे दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबणेही ते शिकते. तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकाच वर्गात असतात. धाकटी थोरल्यांचे पाहून शिकतात आणि थोरली शिकवून पक्की होतात.

वाचनलेखन शिकविण्याचा माँटेसरी यांचा प्रारंभी विचार नव्हता. निरक्षर आयांनीच तशी मागणी केली. तेव्हा त्यांनी खरखरीत कागदातून अक्षरे कापून ती पुठ्ठ्यावर चिकटविली. मुले त्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि त्याबरोबर त्यांचा उच्चार ऐकत व करीत. काही महिने हे चालले. मग १९०७ च्या डिसेंबरात एका मुलाला खडूने धुराड्याचे चित्र काढताना एकाएकी आपल्याला लिहिता येते असा शोध लागला, आणि पाहता पाहता इतर मुलेही जमिनीवर, दारांवर, हाती लागेल तेथे शब्द लिहू लागली. ज्यांच्या आईबापांना सही करता येत नव्हती, ती चारपाच वर्षांची मुले लिहिती झाली. भिंती खराब होऊ नयेत म्हणून सुरू केलेल्या शाळेतील मुले आता खडूने लिहीत होती, परंतु ती अक्षरे होती.

कीर्ती आणि तिची किंमत

१९०९ मध्ये त्यांचा पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि जगभरातून पाहुण्यांची रीघ लागली. १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांचे प्रचंड स्वागत झाले. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला गेला आणि बाहेरून हजारो प्रेक्षकांनी मुलांना काम करताना पाहिले. या सुमारास त्यांनी विद्यापीठातील अध्यापन व वैद्यकीचा व्यवसाय दोन्ही सोडले होते. १९१२ च्या अखेरीस आई वारली, आणि त्यानंतर पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहावयास आला. जगापुढे मात्र पुष्कळ वर्षे तो पुतण्या वा दत्तक मुलगा म्हणूनच वावरला.

येथून या चरित्राला एक वळण लागते, आणि ते निखळ कौतुकाने सांगता येण्यासारखे नाही. माँटेसरी यांची उपजीविका आता प्रशिक्षणवर्गांच्या फीवर, ग्रंथांवर आणि साधनांच्या विक्रीवर होती. पद्धतीची मोडतोड होऊ नये म्हणून शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा अधिकार त्यांनी कटाक्षाने स्वतःकडे ठेवला, आणि साधने ठरावीक मापाचीच हवीत हा आग्रह धरला. शुद्धता राखण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु ज्या वस्तूचा पुरवठा एकाच हाती असतो ती दुर्मिळ होते व महाग होते, हा बाजाराचा नियम साध्वीलाही चुकत नाही. १९१४ मध्ये अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. साधने संकुचित आहेत, सहकार्याला व कल्पनाशक्तीला वाव अपुरा आहे, हा तिचा रोख होता. या टीकेनंतर अमेरिकेतील लाट कित्येक दशके ओसरली. परीकथा आणि कल्पनेचे खेळ यांविषयी माँटेसरी यांनी दाखविलेली अनास्था पाहता ही टीका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही.

त्याहून मोठी चूक राजकारणातील. १९२४ मध्ये मुसोलिनीची भेट झाल्यावर इटलीतील त्यांच्या शाळांना राजाश्रय मिळाला आणि तो त्यांनी स्वीकारला. स्वातंत्र्यातून शिस्त येते असे सांगणाऱ्या पद्धतीचा आणि हुकूमशाहीचा संसार टिकणे शक्यच नव्हते. १९३४ मध्ये तो मोडला व इटलीतील शाळा बंद झाल्या. जर्मनीत नाझींनी त्या आधीच बंद पाडण्यास सुरुवात केली होती. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटल्यावर बार्सिलोनातील घरही सोडावे लागले. साठी उलटून गेलेल्या माँटेसरी हॉलंडच्या आश्रयास गेल्या. हुकूमशहांना ज्या वर्गाची भीती वाटावी असा वर्ग त्यांनी निर्माण केला होता, ही गोष्ट त्यांच्यापेक्षा हुकूमशहांनाच अगोदर उमगली, असे म्हणावे लागते.

हिंदुस्थानातील वर्षे

१९३९ च्या उत्तरार्धात थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओंसह मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता, तो महायुद्धामुळे वर्षानुवर्षे लांबला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. मारिओंना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले व मारियांच्या हालचालींवर निर्बंध आले. ३१ ऑगस्टला त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्त व्हाइसरॉयने मारिओंची सुटका केली व तसे कळविताना त्यांचा उल्लेख मुलगा असाच केला. बेचाळीस वर्षे जे नाते उघडपणे उच्चारता आले नव्हते, ते परकीय सत्तेच्या एका सरकारी संदेशाने उच्चारले.

अड्यार, कोडाइकॅनल, अहमदाबाद, कराची येथे त्यांनी वर्ग घेतले, आणि हजारावर भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले. १९४६ मध्ये त्या युरोपात परतल्या, पुन्हा आल्या, आणि १९४९ पर्यंत त्यांचे येथे येणेजाणे राहिले. त्यांचा शेवटचा महत्त्वाचा ग्रंथ अहमदाबादच्या व्याख्यानांतून सिद्ध झाला आणि १९४९ मध्ये मद्रासहून निघाला.

परंतु त्यांच्या कार्याचे खरे भारतीय रूप त्या येण्यापूर्वीच आकार घेऊ लागले होते. वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर काढले. माँटेसरी भारतात येण्याच्या काही महिने आधीच त्यांचे निधन झाले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक १९३६ मध्ये मुंबईस आल्या, दादरला त्यांनी शिशुविहार उभारले, आणि मग त्यांना तोच प्रश्न पडला जो सान लोरेन्झोत कधी पडण्याचे कारण नव्हते: महागडी साधने आणि पॉलिश केलेली मेजे ज्यांना परवडत नाहीत त्या मुलांचे काय? १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. शिंपले, बिया, पाने, माती आणि बांबू यांची साधने झाली. मुले शाळेकडे येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात गेली. साधनांच्या मापाबाबत माँटेसरी यांची परंपरा जेवढी कर्मठ होती, त्या मानाने हे बंडच. परंतु चाळीतून बंगल्यात गेलेली शाळा या दोघींनी पुन्हा गरिबाच्या दारात आणून उभी केली, हे या पद्धतीच्या मूळ हेतूशी अधिक इमानी होते.

हिशेब पुरा करावयाचा तर

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नॉर्डविक येथे माँटेसरी वारल्या. आपल्या मृत्युपत्रात त्यांनी मारिओंचा निर्देश पुत्र म्हणून केला. १९९० मध्ये इटलीने हजार लिराच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. चलनातील सर्वांत कमी किमतीची नोट ती. गरिबातल्या गरिबाच्या हातातून जाणारी. युरो आल्यावर ती नोट गेली.

त्यांच्या पद्धतीचा लाभ खरोखर होतो काय, याचे उत्तर आज पूर्वीपेक्षा भरवशाने देता येते. आस्थेवाईक पालकांची मुले अशा शाळांत जातात म्हणून ती पुढे दिसतात, हा आक्षेप योग्यच होता. तो दूर करण्यासाठी अमेरिकेत मिलवॉकी शहरात सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि सोडतीत न निवडल्या गेलेल्या मुलांची तुलना करण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत माँटेसरी वर्गातील पाच वर्षांची मुले वाचन, गणित, स्वतःवर ताबा ठेवून काम तडीस नेणे आणि सवंगड्यांशी न्यायाने वागणे यांत पुढे आढळली. २०२५ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक शाळांची अशीच अधिक विस्तृत पाहणी प्रसिद्ध झाली. तिने वाचन, स्मरण आणि इतरांचे मन जाणणे यांतील लाभ दाखविला, आणि शिवाय हे वर्ग नेहमीच्या बालवर्गांपेक्षा स्वस्त पडतात असेही दाखविले. मिश्र वयाची मुले एकमेकांना शिकवीत असल्यामुळे एका शिक्षिकेकडे अधिक मुले राहू शकतात, हे त्याचे मुख्य कारण. ज्या पद्धतीचे नाव आपल्याकडे महागाईशी जोडले गेले आहे, ती मुळात काटकसरीची आहे.

२ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर अंगणवाड्या उभ्या राहिल्या. हा शब्द बोर्डी-कोसबाडच्या कामातून ओळखीचा झालेला. त्यांनी पोषणाचे आणि लसीकरणाचे मोलाचे काम केले आहे. परंतु २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. तीन ते सहा या वयासाठी राज्याने प्रयत्न करावा एवढेच संविधान सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे वय शिक्षणाच्या चौकटीत घेतले, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. या वयाच्या मुलांना घडविणाऱ्या अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नव्हे, मानधन मिळते. उपदानाच्या हक्कासाठी तिला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि तो निकाल २०२२ मध्ये लागला. १८९६ मध्ये बर्लिनला एका तरुण डॉक्टर स्त्रीने श्रमिक स्त्रियांच्या मजुरीचा प्रश्न मांडला होता, त्याचे उत्तर अजून पुरतेपणी मिळालेले नाही.

तालामो हे काही संत नव्हते. मोडतोडीचा खर्च शाळेच्या खर्चाहून अधिक होतो, एवढेच त्यांनी जाणले, आणि इमारत त्यांची असल्यामुळे तो हिशेब त्यांना करता आला. अर्धवट शिक्षण, अकुशल हात आणि वाया गेलेली बुद्धी यांचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो असा मालक आज एकच आहे, आणि तो म्हणजे राज्य. माँटेसरी यांच्या नावाच्या पाट्या वाढल्या म्हणून त्यांचे काम पुढे गेले असे होत नाही. अंगणवाडीतील तीन वर्षांच्या मुलीच्या हाती मन लावून करण्याजोगी एक वस्तू पडेल, आणि ती देणाऱ्या बाईच्या हाती पुरते वेतन पडेल, तेव्हा सान लोरेन्झोतील ती शाळा आपल्याकडे उघडली असे म्हणता येईल.